चंचल मुले आणि उद्योगधंद्याची वाट

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या शाळेत जा, वर्गात एक-दोन मुले अशी आढळतातच की जी पाच मिनिटेही एका जागी स्वस्थ बसत नाहीत. गुरुजी फळ्यावर गणित मांडत असतात आणि याचे लक्ष खिडकीबाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे असते. प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच हा उत्तर देऊन मोकळा होतो. वही घरी विसरली, कंपास मित्राकडे राहिला आणि डबा शाळेतच, हे रोजचेच. पण याच मुलाच्या हाती बंद पडलेला पंखा द्या. दोन-दोन तास तो मान वर करीत नाही. बाजाराच्या दिवशी त्याला काकाच्या दुकानावर बसवा. आलेले गिऱ्हाईक तो हातचे जाऊ देत नाही.

अशा मुलाला आपण काय म्हणतो? वांड, उपद्व्यापी, "याच्या पायाला भिंगरी आहे", "याच्या हातून काही व्हायचे नाही". आपल्या समाजात शिक्षणाचे मोल फार मोठे आहे. आईवडिलांनी मजुरी करून, प्रसंगी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातलेले असते. म्हणूनच अभ्यासाला न बसणाऱ्या मुलाचा राग अधिक येतो. मार बसतो, शेजारच्या हुशार मुलाशी तुलना होते आणि नववी-दहावीच्या सुमारास एक दिवस शाळा कायमची सुटते. घरात एक माणूस वाया गेला असे समजून सारे गप्प बसतात.

दुसऱ्या बाजूने अलीकडे असेही ऐकू येते की, असा चंचल स्वभाव म्हणजे उद्योजकाला मिळालेले वरदानच होय. या दोन्ही गोष्टी अर्धसत्य आहेत. खरे काय ते समजून घेणे हे पालकांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि समाजाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

हा प्रकार काय आहे?

ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, त्याला मराठीत आपण अवधान-कमतरता व अतिचंचलता असे म्हणू. त्याची मुख्य अंगे तीन आहेत : लक्ष न टिकणे, सतत हालचाल आणि उतावळेपणा. काही मुलांत तिन्ही दिसतात, काहींत केवळ पहिले. ज्यांत केवळ पहिले दिसते ती मुले दंगा करीत नाहीत. वर्गात बसून स्वतःच्याच विचारात हरवलेली असतात. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते. त्यामुळे मुलगी "धांदरट" ठरते आणि तिच्या अडचणीकडे कुणाचेही लक्ष जात नाही.

हे काही आजचे खूळ नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. पुढे या प्रकाराची नावे बदलत गेली. आजचे नाव 1987 पासून रूढ झाले. जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित विचार केला तर साधारणपणे शंभर मुलांत पाच मुले अशी असतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन. वयाबरोबर पुष्कळांची धावपळ कमी होते, पण अनेकांच्या बाबतीत विसराळूपणा आणि उतावळेपणा मोठेपणीही राहतो. प्रौढांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन इतके धरले जाते.

मात्र प्रत्येक खोडकर मूल या प्रकारात मोडत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असावीत, शाळा आणि घर अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाचे नुकसान होत असावे, असे डॉक्टर पाहतात. निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते. हा लेख वाचून कुणी आपल्या मुलावर शिक्का मारू नये.

हे का घडते? यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. आईवडिलांचे संस्कार कमी पडले म्हणून असे होत नाही आणि मार देऊन ते जात नाही. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेऊन पाहण्यात आली. मेंदूचे बाह्य आवरण इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षी ज्या टप्प्याला पोहोचते, त्या टप्प्याला या मुलांत ते साडेदहाव्या वर्षी पोहोचले. वाढीचा क्रम तोच, पण सुमारे तीन वर्षे उशिरा. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहा वर्षांचा संयम मागतो तेव्हा त्याच्याजवळ तो अद्याप आलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट फळाच्या ओढीची. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य असते. कोणत्या कामात किती रस वाटावा याच्याशी त्याचा संबंध आहे. या व्यक्तींना दूरच्या फळाची ओढ कमी वाटते, जवळच्या फळाची फार. मार्चमध्ये होणाऱ्या परीक्षेसाठी जुलैत अभ्यास करणे त्यांना डोंगराएवढे वाटते. पण संध्याकाळपर्यंत हाती पैसा येणार असेल, किंवा समोरचे यंत्र आत्ता सुरू होणार असेल, तर तेच मूल जीव ओतून काम करते. याला आळस म्हणता येत नाही.

धंद्यात या स्वभावाचे काय होते?

आता उद्योगधंद्याकडे वळू. धंदा आणि शाळा यांत मोठा फरक आहे. शाळेत प्रश्न ठरलेले, वेळ ठरलेली आणि जागा ठरलेली असते. धंद्यात यातले काहीच ठरलेले नसते. म्हणून शाळेत जो दोष ठरतो, तोच धंद्यात काही वेळा उपयोगी पडतो.

पहिले उदाहरण लक्ष विखुरण्याचे. ज्याचे लक्ष चारी दिशांना जाते, त्याला इतरांना न दिसलेली गोष्ट दिसते. आठवडी बाजारात सर्वांनी एकच माल मांडलेला असताना गिऱ्हाईक काय विचारून रिकाम्या हाताने परत जाते, हे त्याच्या नजरेत भरते. दुसरे उदाहरण सततच्या हालचालीचे. मंडप-डेकोरेशन, वाहनदुरुस्ती, शेतीपंप बसविणे, भाजीपाल्याची खरेदी-विक्री, कापसाच्या हंगामातील वाहतूक या कामांत दिवसभर पायांवर उभे राहावे लागते. ज्याला बसणे जमत नाही, त्याला हे ओझे वाटत नाही. तिसरे उदाहरण उतावळेपणाचे. पुष्कळ शिकलेली माणसे वर्षानुवर्षे "करू, बघू" म्हणत बसतात. असा माणूस मात्र उडी टाकतो. चौथी गोष्ट म्हणजे आवडत्या कामात बुडून जाणे. मन रमले की भूक-तहान विसरून काम करण्याची ताकद या लोकांत असते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याचे लक्ष चारी दिशांना जाते, त्याच्या उधारीच्या नोंदी राहून जातात. जो उडी टाकतो, तो कर्जाच्या कागदावरही न वाचता सही करतो. जो नव्या कल्पनेत बुडतो, तो जुन्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द विसरतो. तात्पर्य, दुकान सुरू करणारा आणि दुकान बुडविणारा असे दोघेही एकाच स्वभावात राहतात.

संशोधनातूनही नेमके हेच दिसते. स्वीडनमधील जुळ्या भावंडांचा एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. अतिचंचलता अधिक असलेल्या व्यक्ती स्वतःचा व्यवसाय करीत असण्याचा संबंध त्यात आढळला. लक्ष न टिकण्याचा मात्र तसा संबंध आढळला नाही. त्याच वर्षी विक्लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार असलेल्या चौदा उद्योजकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. या माणसांना उतावळेपणाने धंद्यात आणले आणि कामात बुडून जाण्याच्या सवयीने तारले. पण रोजची, कंटाळवाणी कामे जड गेली. म्हणजे धंदा सुरू करण्याची ओढ या स्वभावातून येऊ शकते. तो टिकविण्याची शिस्त बाहेरून आणावी लागते.

दोन परदेशी उद्योजक

स्वतःला हा विकार असल्याचे ज्यांनी उघडपणे सांगितले, अशा दोन उद्योजकांची उदाहरणे पाहू.

पॉल ऑर्फली हे अमेरिकेतील. त्यांना वाचनाचीही अडचण होती. दुसऱ्या इयत्तेत ते नापास झाले. विद्यापीठात असताना त्यांच्या लक्षात आले की, विद्यार्थ्यांना नकला काढण्यासाठी सोयीची जागा नाही. 1970 साली त्यांनी पाच हजार डॉलर कर्ज घेऊन कॅलिफोर्नियातील विद्यापीठाजवळ एक लहानसे दुकान घेतले. जागा इतकी अपुरी होती की नकलांचे यंत्र बाहेर फुटपाथवर आणावे लागे. हेच पुढे किंकोज या नावाने प्रसिद्ध झाले. ऑर्फली कार्यालयात बसू शकत नसत. मग त्यांनी बसणे सोडून दिले आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत राहिले. एके ठिकाणी दिसलेली चांगली युक्ती ते बाकीच्यांना कळवीत. लिहिण्याचे, वाचण्याचे, हिशेबाचे काम त्यांनी त्यात निष्णात असलेल्या माणसांवर सोपविले. 2004 साली फेडेक्स कंपनीने हा उद्योग 240 कोटी डॉलरला विकत घेतला, तेव्हा त्याची सुमारे बाराशे दुकाने होती.

दुसरे डेव्हिड नीलमन. त्यांनी जेटब्लू ही विमान कंपनी काढली. तिची विमाने 2000 साली उडू लागली. वीस विमानांचा ताफा आखणे मला सोपे जाते, पण घरचे विजेचे बिल भरणे अवघड जाते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आहेत. पण पुढची हकीकतही वाचकांनी लक्षात ठेवावी. फेब्रुवारी 2007 मध्ये बर्फाच्या वादळात जेटब्लूची व्यवस्था कोलमडली, प्रवासी तासन् तास विमानात अडकून पडले आणि एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द करावी लागली. वाढ झपाट्याने झाली होती, पण संकटात सर्व धागे हाती ठेवणारी यंत्रणा तोकडी पडली. त्याच वर्षी मे महिन्यात नीलमन यांना प्रमुखपद सोडावे लागले. ते खचले नाहीत. 2008 साली त्यांनी ब्राझीलमध्ये अझूल आणि 2021 साली अमेरिकेत ब्रीझ या कंपन्यांची विमाने सुरू केली. नव्याने उभे राहण्याची धडाडी हा त्यांचा गुण खरा, पण व्यवस्था तोकडी पडली तेव्हा त्या धडाडीनेही त्यांचे पद वाचले नाही.

किर्लोस्करवाडीचा धडा

हे झाले परदेशचे. आपल्या महाराष्ट्रात असे काही घडले आहे काय? लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना हा विकार होता, असे म्हणण्यास काहीही आधार नाही आणि तसे म्हणावयाचेही नाही. परंतु शाळेच्या मोजपट्टीत न बसलेल्या माणसांचे धंद्यात काय होऊ शकते, याचे त्यांच्याइतके बोलके उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

लक्ष्मणराव 1869 साली जन्मले. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण त्यांना काही रंग ओळखू येत नसत. चित्रकला सोडावी लागली. रंग लागत नाहीत असे चित्र कोणते? यंत्राचे! त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालविले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविले. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. 1910 साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या वाडीवर कोण माणसे जमली ते पाहण्यासारखे आहे. परीक्षा पास होऊ न शकलेले के. के. कुलकर्णी तेथे पडेल ते काम निभावणारे व्यवस्थापक झाले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले. दरोडेखोर म्हणून ज्यांच्याकडे लोक बोट दाखवीत, अशा दोघांना लक्ष्मणरावांनी वाडीचे राखणदार नेमले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. आखणी आणि कारभार रामुअण्णांनी पाहिला, हिशेब मंगेशराव रेगे यांनी सांभाळले.

यातून आपण काय घ्यावयाचे? लक्ष्मणरावांनी कुणाचा स्वभाव बदलला नाही. त्या स्वभावाला शोभेल असे काम दिले. आणि ज्याला जे येत नाही ते करणारा दुसरा माणूस त्याच्या शेजारी उभा केला. दोष गुणात बदलतो तो या दोन गोष्टींमुळे, आपोआप नव्हे.

गुणाला कुंपण हवे

ज्या तरुणांना हे वाचून स्वतःची ओळख पटली असेल आणि जे एखादा व्यवसाय करू इच्छितात, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

1) हिशेब दुसऱ्याच्या हाती द्या. पत्नी, बहीण, विश्वासू मित्र, कुणीही चालेल. पण शांत डोक्याचा माणूस हवा. आपल्याकडे बचत गट चालविणाऱ्या अनेक भगिनी पै-पैचा हिशेब चोख ठेवतात. घरातच असा माणूस असेल तर त्याचा मान ठेवा.

2) रोजकीर्द रोजच लिहा. दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे, एकच वही, एकच जागा. "उद्या लिहितो" म्हटले की ती नोंद गेलीच म्हणून समजा.

3) डोक्यावर विसंबू नका. कबूल केलेली तारीख, कर्जाचा हप्ता, जीएसटीचे विवरणपत्र हे सारे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, मोबाइलमध्ये गजर लावा. चष्मा लावण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.

4) मोठ्या व्यवहाराला एक रात्र जाऊ द्या. कर्ज, भागीदारी, जामीन, यंत्राची खरेदी यांपैकी कशालाही त्याच दिवशी होकार देऊ नका. दुसऱ्या दिवशी घरच्या दोन माणसांसमोर कागद वाचून दाखवा, मगच सही करा.

5) एका वेळी एकच धंदा. नवी कल्पना सुचली तर ती वहीत लिहून ठेवा. चालू धंद्याचा एक हंगाम पुरा झाल्यावरच ती वही उघडा.

6) मोठे काम लहान तुकड्यांत कापा. ज्याला जवळचेच फळ दिसते, त्याने फळ जवळ आणावे. महिन्याचे काम आठवड्यात, आठवड्याचे दिवसांत वाटावे.

7) व्यसन आणि वेग यांपासून दूर राहा. या स्वभावाच्या व्यक्तींमध्ये व्यसने आणि वाहनांचे अपघात यांचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले आहे. मोबाइलवरील पैशाचे खेळ हाही त्यातलाच सापळा होय.

पालकांना आणि शिक्षकांना विनंती

"मुलगा चंचल आहे, म्हणजे धंद्यात चमकेल, मग शाळा कशाला?" असा अर्थ या लेखातून कुणीही काढू नये. धंद्यात व्याजाचा दर काढावा लागतो, करारपत्र वाचावे लागते. ज्याला वाचता येत नाही त्याला पहिल्याच व्यवहारात लुबाडले जाते, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी पुरेपूर भोगले आहे. शाळा सोडवू नका. शिकण्याची पद्धत बदला. एक तास बसविण्याऐवजी पंधरा मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे मोकळीक द्या. त्याला पहिल्या बाकावर बसवा. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे त्याला द्या. चुकीबद्दल महिन्याने बोलण्यापेक्षा चांगल्या कामाबद्दल त्याच क्षणी शाबासकी द्या. दहावीनंतर आयटीआय, तंत्रनिकेतन असे हातांना काम देणारे मार्गही खुले आहेत. त्यांना कमी लेखू नये.

शंका असेल तर तपासणी करून घ्यावी. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी व शाळांत येतात. त्यांनी तपासावयाच्या आजारांच्या यादीत हा विकार समाविष्ट आहे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीतही बोलता येते. लहान वयात प्रथम पालकांनाच वागणुकीचे प्रशिक्षण देतात. गरज वाटल्यास पुढे औषधे देतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि मनानेच बंद करू नयेत. यापैकी पुष्कळ मुलांना वाचन-लेखनाचीही अडचण असते. ती अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत मोडते. म्हणून दोन्ही तपासण्या करून घेणे हिताचे.

व्यवसायासाठी मार्गदर्शन हवे असल्यास जिल्हा उद्योग केंद्र, 1978 साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांच्याकडे चौकशी करावी. कर्जाआधी प्रशिक्षण घ्यावे, हा क्रम सोडू नये.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. प्रत्येक वस्तीत अशी दोन-चार मुले असतात. त्यांना रोज "तू काही कामाचा नाहीस" असे ऐकविले तर विसाव्या वर्षापर्यंत ती ते खरे मानू लागतात, आणि मग कोणतीही योजना वा कोणतेही कर्ज त्यांना उभे करू शकत नाही. त्यांना वेळीच ओळखणे, कामाला लावणे आणि त्यांच्या शेजारी हिशेबाची वही घेऊन एक शांत माणूस बसविणे, हे काम कुणा मोठ्या संस्थेचे नाही. ते आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आजपासून करता येण्यासारखे आहे. उद्या तुमच्या घरातला चंचल मुलगा बंद पंखा उघडून बसला, तर त्याच्यावर ओरडण्याआधी क्षणभर थांबा. तो दुरुस्त होतो की नाही ते पाहा, आणि झाला तर शेजारचा पंखाही त्याच्याकडे आणून द्या. मात्र त्याचे किती पैसे झाले, हे त्याच्याकडून वहीत लिहून घ्यायला विसरू नका.